निरंक रकाना आणि रिकामी यादी

आमच्या शाळेच्या संगणक-मंडळात एक तक्रार वारंवार ऐकू येते. यादीत अद्याप काहीच घातलेले नाही, ती सर्वस्वी रिकामी आहे, आणि तरीही तपासनीस चूक दाखवतो. मग चूक आहे तरी कशात? तक्रार करणारे आमचे मित्र मंदबुद्धी नाहीत, आळशीही नाहीत. त्यांचा त्रागा आम्हांस समजतो. परंतु या वादात यंत्राचा पक्ष खरा आहे असे आमचे स्पष्ट मत असून, ते सविस्तर मांडण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी.

ज्यांना या विद्येचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका दिली पाहिजे. वेबपानांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केली. घाईत जन्मलेल्या या भाषेचा स्वभाव अतिशय मोकळा आहे. तिच्या यादीत, म्हणजे ॲरेत, पहिल्या घरात नाव, दुसऱ्यात आकडा आणि तिसऱ्यात आणखी एक यादी असली तरी तिला त्याचे काहीच वाटत नाही. या मोकळेपणास आवर घालण्यासाठी २०१२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने टाइपस्क्रिप्ट पुढे आणली. तिचे प्रमुख रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग. या भाषेत कोणत्या नावाखाली कोणत्या प्रकारची वस्तू राहील हे आधी ठरते, आणि कार्यक्रम चालण्यापूर्वीच कंपायलर ते सारे तपासून पाहतो.

आता अडचण पाहा. यादीत तीन नावे असतील तर कंपायलर त्यांकडे पाहून ओळखतो, की ही अक्षरमालिकांची यादी आहे. पण नुसते दोन चौकोनी कंस, आणि मध्ये काही नाही, असे असेल तर त्याने काय ओळखावे? साध्या चलापुरता तो दयाळूपणा दाखवतो. पुढे यादीत काय पडते यावर लक्ष ठेवून प्रकार ठरवतो. ही सवलत २०१६ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून आहे. परंतु तीच रिकामी यादी एखाद्या मोठ्या वस्तूचा एक भाग म्हणून लिहिली, किंवा रिॲक्टमध्ये 'यूजस्टेट'ला आरंभीची किंमत म्हणून दिली, तर त्याला जागच्या जागी निर्णय करावा लागतो. तपासणीचे कडक नियम चालू असतील तर तो निर्णय असा करतो, की ही 'नेव्हर' प्रकाराच्या वस्तूंची यादी आहे. नेव्हर म्हणजे ज्या प्रकारची वस्तू असूच शकत नाही असा प्रकार. मग पुढच्या ओळीत आपण एखादे नाव त्या यादीत ढकलू लागलो, की उत्तर येते : अक्षरमालिका ही नेव्हरच्या जागी ठेवता येणार नाही. येथेच आमचे मित्र कपाळाला हात लावतात.

आम्ही त्यांना सांगतो, की हा प्रश्न परदेशातून आलेला नाही. आपल्या गावाला तो फार जुना परिचयाचा आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. तेथील शिलालेख विक्रम संवत् ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा, असा हिशेब त्यात कोरलेला आहे. २७० आणि ५० यांतील शून्य आजच्यासारखेच वाटोळे आहे, फक्त शेजारच्या अंकांहून लहान. (हे जगातील सर्वांत जुने शून्य असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात, कंबोडियातील ६८३ सालच्या शिलालेखात शून्याची खूण त्याहून आधी आढळते, हे जाणूनच तो अभिमान बाळगावा.) आता त्या २७० कडे नीट पाहावे. ते शून्य 'काही नाही' एवढेच सांगत नाही. 'एककाच्या घरात काही नाही' असे सांगते. घर कोणाचे ते ठरलेले आहे, म्हणून त्यातील रिकामेपणाला अर्थ आहे. ते घर पुसून टाका. बाग २७ हातांची होईल, आणि देवाला माळा पाचच मिळतील.

आपल्या कचेऱ्यांतही हीच रीत आहे. तक्त्यातील एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसेल तर मराठी कारकून तो कोरा सोडत नाही. 'निरंक' असे लिहितो. आणि निरंक लिहिता येते ते रकान्याला मथळा असतो म्हणून. मथळ्यावाचून कोऱ्या कागदावर नुसते 'निरंक' लिहून धाडले तर वरिष्ठ विचारतील, कशाचे निरंक? कंपायलर याहून वेगळे काही विचारत नाही. लष्करातील जुन्या वाड्यांच्या फडताळांवरही रिकाम्या डब्यावरची चिठ्ठी कोणी काढून टाकीत नसे. तिखटाच्या डब्यात उद्या पिठीसाखर पडू नये एवढाच त्यातला हेतू.

तेव्हा उपाय सोपा आहे. यादीच्या नावापुढे दोन टिंबे देऊन तिच्यात काय राहणार ते लिहावे आणि मग खुशाल रिकामे कंस ठेवावेत. रिॲक्टच्या यूजस्टेटला हाच प्रकार कोनी कंसांत सांगता येतो. रिकाम्या कंसांपुढे 'ॲज' लिहून प्रकार ठोकून देण्याची तिसरी वाटही आहे. रिकाम्या यादीपुरती ती निरुपद्रवी म्हणता येईल. पण हात त्या वाटेला सरावला, की उद्या रिकाम्या वस्तूलाच कोणी 'विद्यार्थी' म्हणून ठोकून देईल. त्या विद्यार्थ्याला नाव नसेल, इयत्ता नसेल, आणि कंपायलर मात्र आपल्या शब्दावर विसंबून स्वस्थ बसेल. म्हणून आम्ही पहिल्या वाटेचे पक्षपाती आहोत.

खरा वाद चौथ्या वाटेविषयी आहे, कारण आमच्या मंडळात तीच सर्वांत लोकप्रिय आहे. ती वाट म्हणजे 'एनी'. यादीत काहीही चालेल असे एकदा लिहून टाकले, की तांबड्या रेघा नाहीशा होतात आणि लिहिणाऱ्याला जिंकल्यासारखे वाटते. पण ग्रंथालयाच्या दंडाची यादी या रीतीने केली असे धरा. वेबपानाच्या चौकटीत लिहिलेला आकडा कार्यक्रमाकडे अक्षरमालिका म्हणूनच येतो. यादी आकड्यांची असे सांगितलेले असते, तर कंपायलरने ती अक्षरमालिका दारातच अडवली असती. एनीच्या यादीत ती निमूटपणे आत शिरते. मग थकलेल्या ५ रुपयांत आजचा १ रुपया मिळवावयास जावे, तर जावास्क्रिप्ट दोन्ही शेजारी शेजारी लिहून ५१ करते. सहा रुपयांऐवजी एक्कावन्न रुपयांची चिठ्ठी ज्या मुलाच्या घरी जाईल, त्याच्या वडिलांना आपण काय सांगणार? प्रकार लिहिण्याचा कंटाळा आला होता, असे?

यावर एक मित्र विचारतात, की प्रकार लिहिला म्हणजे सारे निर्धास्त झाले काय? नाही, आणि हा प्रश्न आम्ही मोलाचा मानतो. टाइपस्क्रिप्टने लिहिलेले प्रकार कार्यक्रम चालण्याआधी पुसले जातात. नावांची यादी रिकामी असताना तिचे पहिले नाव मागितले, तर कंपायलर 'अक्षरमालिका मिळेल' असे म्हणतो, आणि प्रत्यक्षात 'अनडिफाइन्ड' हाती येते. हा धोका दाखवणारा नियम २०२० साली ४.१ या आवृत्तीत आला खरा, पण 'स्ट्रिक्ट' म्हटल्याने तो चालू होत नाही. वेगळा मागून घ्यावा लागतो. तसेच आरंभीची किंमत न देता रिकाम्या यादीवर 'रिड्यूस' चालवले तर कार्यक्रम चालता चालता कोसळतो. येथे चिठ्ठी पुरत नाही, डबा उघडूनच पाहावा लागतो.

आणखी एक भेद आम्हांस याहूनही महत्त्वाचा वाटतो. वर्गात आज कोणी गैरहजर नाही, ही एक गोष्ट. आणि आज हजेरी घेतलीच नाही, ही अगदी दुसरी. पहिलीसाठी रिकामी यादी योग्य आहे. दुसरीसाठी 'अनडिफाइन्ड' वा 'नल' असे निराळे चिन्ह हवे, आणि ते प्रकारातच नमूद केलेले हवे. पुष्कळ जण आरंभी रिकामी यादी ठेवतात व माहिती दुरून येईपर्यंत पडद्यावर 'सर्व हजर' असे झळकू देतात. माहिती आलीच नाही तर ते तसेच राहते, आणि कंपायलरला त्यात काहीही वावगे दिसत नाही, कारण यादीचा प्रकार बिनचूक लिहिलेला असतो. यंत्राचा पक्ष घेताना त्याची ही मर्यादा लपवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

म्हणून आमची मंडळाला विनंती आहे, की येत्या वर्षी प्रत्येकाचा कार्यक्रम तपासताना तो आधी रिकाम्या यादीवर चालवून पाहावा, नंतर माहिती आलेलीच नाही असे धरून चालवावा, आणि मगच त्यात चाळीस मुलांची नावे भरावीत. जेथे 'एनी' लिहिले असेल तेथे ते का लिहिले हे लिहिणाऱ्याने सर्वांसमोर सांगावे. ज्याला सांगता येईल त्याचे 'एनी' राहू द्यावयास आमची हरकत नाही.