कापडाचे वय कोण तपासणार?

पॅराग्लायडिंगचा अपघात झाला की चर्चा होते ती वाऱ्याची, दरीची आणि चालकाच्या परवान्याची. 18 जानेवारी 2025 रोजी गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची एक पर्यटक तरुणी आणि तिचा चालक, दोघेही प्राणास मुकले; तेव्हाही परवानगीचा प्रश्न पुढे आला, आणि तो यायलाच हवा होता. परंतु ज्या कापडाच्या आधाराने माणूस आकाशात जातो, ते कापड किती वर्षांचे आहे, हा प्रश्न कामशेतच्या टेकडीवर काय किंवा हिमाचलातील बीर-बिलिंगला काय, पैसे मोजणारा पर्यटक सहसा विचारीत नाही.

वास्तविक हा प्रश्न सर्वांत आधीचा आहे. पॅराग्लायडरचे छत्र नायलॉनच्या विणीचे असते व तिच्यावर हवा अडवणारा पातळ लेप असतो. उन्हातील अतिनील किरण ही वीण कमकुवत करतात. दमटपणा आणि उष्णता मिळून लेप खातात. मग कापडातून हवा झिरपू लागते. रंग उजळ राहतो, फाटलेले कोठे दिसत नाही, आणि छत्र मात्र उचलायला जड, फुगायला आळशी होते. दोऱ्यांचे दुखणे तर याहून गुप्त. ज्यांच्यावर भार अधिक त्या पुढच्या दोऱ्या ताणल्या जातात, मागच्या आखडतात. फरक दोनचार सेंटिमीटरचाच. पण तेवढ्याने छत्राचा कोन बदलतो, वेग मंदावतो आणि एखाद्या क्षणी ते उडणे सोडून नुसते खाली बसू लागते. हे डोळ्यांना दिसत नाही, मोजावे लागते.

म्हणूनच अनेक उत्पादक दोन वर्षांनी किंवा शंभर-दीडशे तासांच्या उड्डाणानंतर, जे आधी होईल तेव्हा, तपासणी सांगतात. हौशी माणसाला शंभर तास भरायला दोन हंगाम लागतील. पण पर्यटकांना फिरवणाऱ्या जोडछत्राचा हिशेब करून पाहावा: दिवसाला पंधरा मिनिटांची दहा उड्डाणे धरली, तर शंभर तास चाळीस दिवसांत पुरे होतात! मधल्या वेळात ते भर उन्हात पसरलेले असते, किंवा खडकाळ माळावरून ओढले जात असते.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ही आणखी एक परीक्षा. ओलसर छत्र घट्ट घडी करून कोंदट खोलीत टाकले की त्याला बुरशी धरते. एप्रिलमध्ये मोटारीच्या डिकीत ठेवले की ते भाजून निघते. सैल घडी, कोरडी व थंड अंधारी जागा, धुवायचेच तर साबणाविना स्वच्छ पाणी, समुद्राचे पाणी लागल्यास गोड्या पाण्याने तत्काळ धुणे, आणि घडी घालण्यापूर्वी आत अडकलेले टोळ झटकणे. एवढीच काळजी घ्यायची असते. यात खर्च नाही, शिस्त आहे. राखीव छत्री तर वर्षानुवर्षे न उघडता पाठीशी बाळगली जाते. ती ठरावीक मुदतीने उघडून, हवा देऊन पुन्हा बांधली नाही, तर नेमक्या क्षणी उघडण्यास ती वेळ लावील.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. नोंदणी हवीच; पण कागद संस्थेचा तपासून भागणार नाही. प्रत्येक छत्राची स्वतंत्र वही असावी, तीत उड्डाणाचे तास, तपासणीची तारीख व दुरुस्त्या लिहिलेल्या असाव्यात, आणि ती पर्यटकास मागताच दाखवणे बंधनकारक असावे. व्यावसायिक म्हणतील की तपासणीने तिकीट महागेल. महागू द्यावे, स्वस्त उड्डाणातील बचत ही पर्यटकाच्या जिवावरची असते. आणि निकामी ठरलेले छत्र अधिकाऱ्यासमोर कापून टाकावे. तसे न केल्यास तेच छत्र दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्या टेकडीवर, निम्म्या किमतीत पुन्हा उभे राहील.