आधी कोन, मग उंची

हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्या हौसेला मोल होतं, आणि ते मी हप्त्याहप्त्याने मोजलं. तर झालं असं...

डेन्व्हरमध्ये राहायला आल्यापासून डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांचं वेड लागलं. त्यासाठी एक जुना पिकप घेतला. मग इतरांच्या उंच गाड्या बघून आपलीही तीन इंच उचलावीशी वाटली. दुकानाने सकाळी गाडी घेतली, दुपारी परत दिली. पुढे नवे शॉकअप, मागे पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे. गाडी अशी काही रुबाबदार दिसायला लागली की विचारू नका!

पहिल्याच सिग्नलला कळलं. गाडी उचलताना ताशी १० ते २५ मैलांच्या दरम्यान खालून थडथड. ६० च्या वर बारीक गुणगुण, आरसा धूसर दिसेल इतकी. दुकानदार म्हणाला, "टायर बॅलन्स करून घ्या." दोनदा केले. मित्र म्हणाला, "उंच गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच." बायको काही म्हणाली नाही, पण मुलीला घेऊन त्या गाडीतून घाटात यायला तिने नकार दिला.

रविवारच्या फोनवर अण्णांना सांगितलं. अण्णा एसटीच्या डेपोत ३५ वर्षं मेकॅनिक होते. त्यांनी टायरचं नावही काढलं नाही. विचारलं, "प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस किती कोनात आहेत? आणि शाफ्ट काढला असेल तर काढण्याआधी खूण केली होती का?"

मी गप्प. इंजिनिअर मी आहे, हे इथे नमूद करतो.

गोष्ट साधी आहे. क्रॉस जॉइंट कोनात फिरला की एकसारख्या वेगाने आत आलेली गती बाहेर एकसारखी जात नाही. दर फेऱ्यात शाफ्ट दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. ३ अंशांच्या कोनाला हा फरक सुमारे ०.१४ टक्के, १० अंशांना १.५ टक्के. म्हणजे कोन सव्वातीनपट, फरक अकरापट! यावर उपाय म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच जॉइंट असतो. दोन्ही कोन सारखे असले आणि दोन्हीकडचे योक एका रेषेत असले, तर एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. खूण करायची ती यासाठीच. योक चुकीच्या दातांवर बसला तर हिसके मिटण्याऐवजी वाढतात. ताशी ६० मैलांना माझा शाफ्ट सेकंदाला चाळीसेक फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ऐंशी हिसके. टायर बिचारे काय करणार?

सपाट जागी, चाकं जमिनीवर ठेवून, पंधरा डॉलरच्या कोनमापकाने मोजलं. माझा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. बेअरिंगमागच्या क्रॉसचा कोन ७ अंश, डिफरन्शियलकडचा ३. दुकानाने घातलेले ठोकळे निमुळते होते, त्यामुळे डिफरन्शियलचं नाक वर गेलं होतं. बेअरिंगच्या रबराला चीर पडायला लागली होती. आणखी काही महिने "चालायचंच" म्हणत बसलो असतो तर घाटात, मुलगी मागे बसलेली असताना, ते तुटलं असतं.

दुरुस्ती अण्णांच्या फोनवरच्या देखरेखीखाली झाली. सेंटर बेअरिंग सुमारे दीड सेंटिमीटर खाली घेतलं. पाट्याखाली ३ अंशांची पोलादी पाचर घालून नाक खाली आणलं. नवे यू-बोल्ट घातले. आता कोन साडेचार आणि पाच. मुद्दाम अर्धा अंश खाली ठेवलाय, कारण जोर लागला की पाटे पिळतात आणि नाक वर उठतं. थडथड गेली.

माझं म्हणणं एवढंच. गाडी उचलणाऱ्याने आधीचे आणि नंतरचे कोन कागदावर लिहून द्यायलाच हवेत, आणि आपण ते मागायला हवेत. कोन मोजायला अर्धा तास लागतो. तो वाचवायचा आणि थरथरीला "उंच गाडीचा स्वभाव" म्हणायचं, ही कामचुकारी आहे. आणि खरं सांगू? तीनऐवजी दीड इंचावर माझं सगळं भागलं असतं. बाकीचा दीड इंच शेजाऱ्यासाठी होता.

असो. काल अण्णांनी विचारलं, "ग्रीसिंग केलंस का?"

नाही केलं. शनिवारी करतो.