नदीकाठचा मुक्काम

'वाळवंट' हा शब्द ऐकला, की राजस्थानातील वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडे डोळ्यांपुढे उभे राहतात. पण मराठी भाषेत या शब्दाला दुसराही एक जिव्हाळ्याचा अर्थ आहे. पाणी ओसरल्यावर नदीच्या पात्रात जी वाळू उघडी पडते, तिलाही वाळवंटच म्हणतात. पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा जमतो, तो याच अर्थाने. वऱ्हाडातील माणसाला असे वाळवंट पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. होळी सरली, की अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील लहानमोठ्या नद्या आटू लागतात. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, पात्रातील धार तुटते, आणि श्रावणात दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी वाळू, गोटे व अधूनमधून उरलेले डोह एवढ्यावर येऊन ठेपते.

अशा नदीच्या काठी, उघड्या आभाळाखाली एखादी रात्र काढण्याची इच्छा कोणत्या मुलाला होणार नाही? पण ही इच्छा बोलून दाखवली, की वडीलधाऱ्यांत दोन तट पडतात. काहीजण म्हणतात, "रानात विंचूकाटा असतो, अभ्यास बुडतो; मुलांनी घरीच असावे हे बरे." दुसरे म्हणतात, "नदी काय कोणाच्या मालकीची आहे? वाटेल तेव्हा जावे, वाटेल तिथे राहुटी ठोकावी आणि मजा करावी." पहिल्या मतात काळजी आहे, पण त्या काळजीपोटी मुले आपल्याच प्रदेशाला परकी होतात. दुसऱ्या मतात उत्साह आहे. पण त्या उत्साहाला विवेकाची जोड नाही. नदीकाठी मुक्काम अवश्य करावा. मात्र तेथे आपण धनी नसून पाहुणे आहोत, ही जाणीव सोबत न्यावी. पाहुण्याचे वागणे ज्याला जमते, त्यानेच नदीकाठी राहावे.

जुन्या काळी वऱ्हाडातील गाडीवानांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नव्हती. कापसाने भरलेल्या बैलगाड्या अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांकडे निघत, तेव्हा वाटेत नदी गाठून रात्रीचा मुक्काम होई. गाड्या सोडायच्या, बैलांना पाणी दाखवायचे, कडबा टाकायचा आणि मग आपल्या पोटापाण्याकडे वळायचे, असा क्रम असे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजून घ्यावेत, सोबत वांग्याची भाजी करावी, आणि जेवण झाल्यावर घोंगडी अंथरून तारे पाहत पडावे. पहाटे विस्तव विझवून, राख मातीआड करून गाड्या वाटेला लागत. मागे फेकण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे काही नसेच. पळसाच्या पानांच्या पत्रावळी चार पावसांत मातीला मिळून जात.

आजची गोष्ट निराळी आहे. आज नदीकाठी जाणारा माणूस घरातील सगळा पसारा बरोबर नेतो. मोटारी पात्रात उतरतात, मोठ्या आवाजात गाणी वाजतात, दिव्यांचा लखलखाट होतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. तरीही माणसांचा घोळका उठून गेल्यावर वाळूत काय काय उरते, ते कोणत्याही नदीच्या काठी जाऊन पाहावे. पत्रावळ कुजते, थर्मोकोल कुजत नाही. पहिल्या पुराबरोबर ते खालच्या गावाच्या दारी जाते. ज्याने टाकले त्याला ते पुन्हा दिसत नाही, म्हणून त्याला त्याची लाजही वाटत नाही.

पण कचरा ही डोळ्यांना दिसणारी हानी झाली. न दिसणारी हानी त्याहून मोठी आहे. ती समजण्यासाठी मेळघाटात जायला हवे.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाटचे अरण्य पसरले आहे. १९७३-७४ साली आपल्या देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यांत मेळघाटची गणना होते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या येथील पाणी तापीकडे घेऊन जातात. पावसाळ्यात त्यांचा आवाज दूरवर ऐकू येतो. उन्हाळ्यात मात्र त्या बऱ्याच ठिकाणी कोरड्या पडतात. मग पात्रातील एखादा डोह, किंवा वाळूत खणलेला हातभर खोल झिरा, एवढेच पाणी उरते. मेळघाटातील कोरकू बांधवांना झिरा कोठे खणावा हे नेमके ठाऊक असते. वरची वाळू कोरडी दिसत असली तरी खाली ओल दडलेली असते. खड्डा केला, की त्यात गाळलेले स्वच्छ पाणी हळूहळू साठते.

आता अशा एखाद्या डोहाच्या काठावरच आपण राहुटी ठोकली, असे समजा. रात्र झाली. वाघ-अस्वल जवळ येऊ नये म्हणून शेकोटी पेटवली, गप्पा रंगल्या. आपल्याला वाटते, की रान शांत आहे. पण पलीकडच्या थडीवर, झाडीच्या अंधारात, एक सांबर आपल्या पिलासह उभे असते. दिवसभराच्या उन्हानंतर ते पाण्यावर आलेले असते. उजेड पाहून ते थबकते, पाऊल पुढे टाकते, पुन्हा मागे घेते, आणि शेवटी तहानलेलेच परत फिरते. त्याच्या मागून गवा येतो, अस्वल येते. त्यांचीही तीच गत होते. आपल्याला तो डोह करमणुकीची जागा वाटतो. त्यांना तो त्या रात्रीचा एकच आधार असतो. आपण कोणाला दगड मारला नाही, कोणावर बंदूक उगारली नाही. केवळ चुकीच्या जागी बसलो, आणि तेवढ्याने कितीतरी जीव तहानेले राहिले.

वाळूचे नि गोट्यांचे मोकळे पात्र तरी रिकामे असते काय? टिटवी घरटे बांधीत नाही. ती उघड्या जमिनीवर, गोट्यांच्या मधोमध आपली अंडी घालते. त्या अंड्यांचा रंग आणि त्यांवरील ठिपके गोट्यांशी असे एकरूप झालेले असतात, की टक लावून पाहिल्याखेरीज ती दिसत नाहीत. शत्रूपासून अंडी राखण्यासाठी निसर्गाने तिला हीच युक्ती दिली आहे. पण बेफिकीर पावलापासून आणि मोटारीच्या चाकापासून ती वाचवू शकत नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करू लागली, तर माणसाने तेथून दूर व्हावे.

ज्या देशांत खरोखरीची वाळवंटे आहेत, तेथील लोकांनी हे ओळखून कायदेच केले आहेत. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना या वाळवंटी राज्यात पाणवठ्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरांच्या आत, रानातील प्राण्यांची किंवा गुराढोरांची पाण्याची वाट अडेल अशा रीतीने मुक्काम करणे बेकायदेशीर आहे. किती साधा, पण किती शहाणपणाचा नियम! पाणी प्यावे, न्यावे. पण पाण्यावर ठाण मांडून बसू नये. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात परवान्यावाचून जाण्यास मनाई केली आहे, आणि अरण्याला धोका होईल असा विस्तव तेथे पेटवणे हा गुन्हा आहे. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पाने जमिनीवर जाडसर पसरलेली असतात. एका ठिणगीने तेथे काय होईल, हे सांगायला नको.

मग मेळघाटची रात्र पाहूच नये काय? तीही पाहता येते. वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाणे बांधून प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा वनखात्यात चालत आली आहे, आणि या कामात हौशी नागरिकांनाही परवानगीने भाग घेता येतो. मचाणावर शिदोरी आणि पाणी सोबत घेऊन, न बोलता, दिवा न लावता रात्रभर बसावे लागते. ज्याला हे जमले, त्याच्यापुढे रान आपले दार उघडते. खाली चांदण्यात पाणी चमकते, पानांवर पाऊल वाजते, आणि एक एक जीव आपापल्या पाळीने येऊन तहान भागवून जातो. येथे माणूस काहीही करीत नाही. म्हणूनच त्याला सर्व काही दिसते.

अर्थात मचाण हे मोठ्यांचे काम. मुलांनी आपला पहिला मुक्काम अभयारण्याबाहेर, एखाद्या गावाजवळ, पूर्णेसारख्या नदीच्या काठी करावा. गावकऱ्यांना विचारून जावे. शिक्षक किंवा घरची जाणती माणसे सोबत असावीत. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले, आणि त्यातून जगभरची बालवीर चळवळ उभी राहिली. ती मुलेही जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच राहिली होती. त्यामुळे त्यांच्या धाडसाला काही उणेपणा आला नाही.

विंचूकाट्याची भीती दाखवणाऱ्या वडीलधाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. भीती खोटी नसते. पण तिच्यावर उपाय असतो. अंथरूण दगडांच्या राशीजवळ किंवा दाट गवतात घालू नये. पायांत घालण्यापूर्वी जोडे झटकावेत. अंधारात विजेरीवाचून पाऊल टाकू नये. याहून मोठा धोका आहे तो वाळूतच झोपण्याचा. डोक्यावर आभाळ निरभ्र असले, तरी वर सातपुड्यात पाऊस कोसळला तर त्याचे पाणी रातोरात खाली येते, आणि कोरडे पात्र बघता बघता दुथडी भरते. म्हणून झोपायची जागा पात्राबाहेर, उंच थडीवर असावी. गंमत अशी, की जी जागा प्राण्यांच्या सोयीची, तीच आपल्या सुरक्षिततेची ठरते. पाण्यापासून दूर राहावे, हा नियम दोघांनाही तारतो.

अशा मुक्कामाला सामान थोडेच लागते. भाकरी, ठेचा, कांदा, गूळ आणि पुरेसे पाणी. एक घोंगडी, एक तांब्या, एक विजेरी. भांडी डोहात बुडवून घासू नयेत. पाणी काढून घ्यावे, दूर जाऊन राखेने घासावीत आणि खरकटे पाणी मातीत मुरू द्यावे. शौचाची जागा पाण्यापासून लांब, खड्डा करून असावी. जे नेले ते परत आणावे.

असा मुक्काम केल्याने काय मिळते? पहिल्यांदा मिळते ती पाण्याची किंमत. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तेथील जमिनीखालचे पाणी खारे असल्याने विहीर असूनही पाण्याचे दुर्भिक्ष, अशी कित्येक गावांची कहाणी आहे. नळाची तोटी फिरवणाऱ्या मुलाला ही कहाणी पुस्तकात वाचून कळत नाही. संध्याकाळी एक तांब्या उरला आहे आणि सकाळपर्यंत तो पुरवायचा आहे, असा प्रसंग आला, म्हणजे ती आपोआप कळते. दुसरा लाभ असा, की सुखाने झोपायला किती थोडे लागते, हे माणसाला उमगते. आणि तिसरा लाभ म्हणजे अंधाराची भीती जाते. पहिल्या प्रहरी प्रत्येक आवाज दचकवतो. पहाटेपर्यंत तेच आवाज ओळखीचे झालेले असतात.

नदीकाठी कसे राहावे, याचा धडा घेण्यासाठी वऱ्हाडच्या मुलांना परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडले, ते अंगावर चिंध्या आणि हाती मातीचे गाडगे घेऊन. पुढे आयुष्यभर जेथे जात, तेथे ते आधी खराटा हाती घेऊन जागा झाडीत. याच जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथील यात्रेकरूंना चिखलातून वाट काढावी लागे. ते पाहून बाबा स्वतः राबले, आणि १९०८ साली तेथे घाट उभा राहिला. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांच्या देहाचा शेवटचा मुक्काम झाला. इतके कमी सामान घेऊन इतके मुक्काम दुसऱ्या कोणी केले असतील, असे वाटत नाही. आणि त्यांनी सोडलेली प्रत्येक जागा ते येण्यापूर्वी होती त्याहून स्वच्छ होती.

ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. नदीकाठी काढलेली रात्र हेही एक ऋणच आहे. नदीने जागा दिली, पाणी दिले, आभाळ पाहू दिले. सकाळी निघताना विस्तव पूर्ण विझला आहे ना, हे राखेत पाणी ओतून पाहावे. चुलीचे दगड जागच्या जागी ठेवावेत. कागदाचा कपटाही वेचून घ्यावा. मग थोडे दूर जाऊन मागे वळून पाहावे. टिटवी आपल्या गोट्यांत निर्धास्तपणे परत येऊन बसली असेल, तर पाहुण्याने आपले ऋण फेडले असे समजावे, आणि पुढच्या मुक्कामाचा बेत खुशाल करावा.