चंद्राचा फोटो नक्की कोणी काढला?

विज्ञान प्रदर्शनांतून हल्ली चंद्राच्या छायाचित्रांची रेलचेल असते. परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला अधूनमधून येतो, आणि एक प्रश्न मी हटकून विचारतो : "सुधारण्यापूर्वी हे चित्र कसे होते, ते दाखवाल का?" बहुतेक वेळा मूळ चित्र पुसून टाकलेले असते. "सर, ते चांगलं नव्हतं," असे उत्तर मिळते. माझे मत असे, की बक्षिसाचा खरा मान त्या पुसलेल्या चित्राचा होता. हे मत काहींना खडूसपणाचे वाटेल. म्हणून त्यामागची कारणे जरा सविस्तर सांगतो.

प्रथम एक सोपे गणित करू. चंद्राचा व्यास ३,४७६ किलोमीटर आणि पृथ्वीपासूनचे त्याचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या सुमारे ११० पट आहे. भिंगातून पडणाऱ्या प्रतिमेलाही हेच प्रमाण लागू पडते. भिंगाच्या नाभीय अंतराला ११० ने भागा, की चंद्रप्रतिमेचा व्यास मिळाला! मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर साधारणपणे ६ मिलिमीटर असते. तेव्हा त्यातली चंद्राची प्रतिमा झाली मिलिमीटरचा अठरावा भाग. कॅमेऱ्यातील एकेक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, एक मायक्रॉनचा धरला, तर संपूर्ण चंद्र अवघ्या ५५ चित्रबिंदूंत मावतो आणि एका चित्रबिंदूच्या वाट्याला ६३ किलोमीटरचा प्रदेश येतो. टायको हे प्रसिद्ध विवर सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे. त्याची बोळवण दीड चित्रबिंदूत होते. मोबाइलला दूरचे टिपणारे वेगळे भिंग असेल, तर हा हिशेब काही पटींनी सुधारतो, एवढेच. मग एवढ्याशा प्रतिमेतून विवरांच्या कडा लख्ख दाखविणारे चित्र निघाले, तर त्या कडा आल्या कोठून?

या प्रश्नाचा उलगडा २०२३ साली एका हौशी माणसाने फार सुरेख रीतीने केला. त्याने चंद्राचे एक चित्र मुद्दाम लहान आणि पुसट केले, संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीतले दिवे मालवले आणि दुरून मोबाइलने त्याचा फोटो घेतला. फोटोत असे बारकावे उमटले, की जे पडद्यावरच्या चित्रात नव्हतेच! चंद्राची असंख्य चित्रे दाखवून तयार केलेली आज्ञावली त्या मोबाइलमध्ये होती. समोर चंद्र आहे एवढे ओळखून तिने उरलेले स्वतःच्या माहितीतून भरले होते.

१८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर याने चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राचे छायाचित्र घेतले. त्याआधी चंद्र हातानेच काढत, आणि चित्रकाराला जे ठाऊक असे, ते त्याच्या रेषेत उतरे. पत्र्याचे मोठेपण हे, की त्याला टायको ठाऊक नव्हता. जेवढा प्रकाश पडला, तेवढीच त्याची साक्ष. आपल्या खिशातील कॅमेरा पुन्हा चित्रकार होऊ पाहतो आहे, आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताही नाही, ही गोष्ट मला खटकते.

मग चित्रांना संगणक लावूच नये का? तसे मुळीच नाही! हौशी निरीक्षक साध्या १०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून चंद्राचे दोन-तीन मिनिटांचे चलच्चित्र घेतात. त्यात हजारो चित्रे असतात. वातावरणाच्या चुळबुळीमुळे त्यांतली बरीचशी हललेली, तर काही थोडी क्षणभर स्थिर हवेत टिपलेली असतात. ऑटोस्टॅकर्टसारखी विनामूल्य आज्ञावली ही चांगली चित्रे निवडते, एकावर एक बसवते आणि त्यांची सरासरी काढते. शंभर चित्रांच्या सरासरीत 'दाणे' एक दशांश होतात. प्रयोगशाळेत लंबकाची वाचने पुन्हापुन्हा घेऊन आपण दुसरे काय करतो?

येथे एखादा चौकस विद्यार्थी मला अडवील : "प्रयोगात न जुळणारे वाचन गाळले तर तुम्ही रागावता, मग चित्रे गाळलेली कशी चालतात?" शंका अगदी रास्त आहे. फरक निवडीच्या कसोटीत आहे. ही कसोटी रेखीवपणाची असते, आधी ठरलेली असते आणि सर्व चित्रांना सारखी लावलेली असते. 'मला हवे ते विवर दिसते का' ही कसोटी लावली, तर तो वाचने गाळण्याचाच प्रकार झाला.

निवडीनंतर येते चित्राला धार लावणे. खरी लबाडी येथे नकळत घडते. समजा, अर्धचंद्राच्या चित्रात बिंबाचा व्यास १,७३८ चित्रबिंदू आहे. म्हणजे एक चित्रबिंदू २ किलोमीटरचा. बिंबाच्या मध्याजवळ, उजेड-अंधाराच्या सीमारेषेपासून ७५ चित्रबिंदूंवर, म्हणजे १५० किलोमीटरवर, एक डोंगर आहे. चंद्रावर ३० किलोमीटर म्हणजे सुमारे एक अंश. म्हणून तेथे सूर्य क्षितिजावर ५ अंश आलेला असणार. डोंगराची सावली १० चित्रबिंदू, म्हणजे २० किलोमीटर भरली. २० ला ५ अंशांच्या टॅन्जंटने, म्हणजे ०.०८७५ ने गुणा. उंची आली १.७५ किलोमीटर, आपल्या कळसूबाईहून थोडी अधिक! आता धार जास्त लावल्याने सावलीच्या टोकाशी खोटी काळी किनार उमटली आणि सावली १२ चित्रबिंदू भरली, तर उंची होते २.१ किलोमीटर. माऊस जरासा सरकला आणि डोंगर ३५० मीटर वाढला! भिंतीवर लावायच्या चित्राला हे चालेल. मोजमापाला कसे चालावे?

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे, की प्रदर्शनात चंद्राच्या प्रत्येक चित्राशेजारी न सुधारलेले एक चित्र लावलेच पाहिजे, असा नियम करावा. खाली चार ओळी असाव्यात : तारीख व वेळ, दुर्बीण, किती चित्रांतून किती निवडली, आणि नंतर काय काय केले. मोबाइल वापरायला माझी ना नाही. दुर्बिणीच्या नेत्रिकेला टेकवून, चित्र 'सुंदर' करणाऱ्या सोयी बंद ठेवून, तो उत्तम काम देतो.

आणि कोजागरीची वाट पाहू नका. पौर्णिमेला आपल्याला दिसणाऱ्या चंद्रावर सावल्या जवळजवळ नसतातच, त्यामुळे चित्र सपाट येते. शुद्ध अष्टमीच्या सुमारास सीमारेषेजवळचा एक डोंगर निवडा आणि वरच्या रीतीने त्याची उंची काढा. दुसऱ्या संध्याकाळी त्याच डोंगराचे पुन्हा चित्र घ्या. एव्हाना सूर्य तेथे आणखी १२ अंश वर चढलेला असेल. आपल्या उदाहरणातील सावली आखडून सहा किलोमीटरांच्याही आत, जेमतेम तीन चित्रबिंदूंची झालेली असेल. त्या तीन बिंदूंवरून उंची किती येते, आणि ती आदल्या दिवशीच्या उंचीशी कितपत जुळते, ते पाहा.