मेंढरांचा राखणदार : रंग की गुण?

बेळगाव-निपाणी भागात पिके निघाली की माळावरून मेंढरांचे कळप शिवारात उतरू लागतात. धनगर व कुरुब बांधव शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवितात. शेताला खत मिळते, कळपाला चारा मिळतो. रात्री त्या कळपाभोवती जागत राहतो तो कुत्रा. लांडग्याची चाहूल लागताच तो भुंकून मेंढक्याला उठवितो. अशा प्राण्याची पारख आपण रंगावरून करावी काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

पिल्लू आणावयाचे ठरले की पुष्कळदा पहिला प्रश्न रंगाचाच असतो. काळ्या जोडप्याच्या पोटी एखादे तपकिरी पिल्लू जन्मले, तर 'रक्तात भेसळ आहे' असे म्हणून नाक मुरडले जाते. शास्त्र मात्र निराळेच सांगते. कुत्र्याच्या केसांत मूळ रंगद्रव्ये दोनच : एक काळे, दुसरे तांबूस-पिवळे. बाकीच्या छटा या दोहोंच्या कमीअधिक प्रमाणातून व फेरफारांतून निर्माण होतात. पिल्लाला प्रत्येक गुणाचे एक बीज आईकडून व एक बापाकडून मिळते. काळेपणाचे बीज प्रभावी, तपकिरीचे सुप्त. दोन्ही काळ्या जन्मदात्यांत तपकिरीचे बीज दडलेले असेल, तर सरासरीने चारांत एक पिल्लू तपकिरी निपजते. त्याचे नाकही तपकिरीच असते. मेंडेलने वाटाण्याच्या प्रयोगांवरून १८६६ साली प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. यात भेसळ कोठली?

रंगाच्या हौसेचे याहून गंभीर परिणामही होतात. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा विदेशी मेंढपाळी जातींत करड्या अंगावर काळे डाग असलेला 'मर्ल' नावाचा रंग आढळतो. तो दिसावयास मोहक असतो. परंतु अशा दोन कुत्र्यांचा संकर केला, तर सरासरीने चतुर्थांश पिल्लांना ते बीज दोन्हीकडून मिळते. अशी पिल्ले बहुधा पांढरी असतात; त्यांतील अनेक बहिरी वा आंधळी निपजतात. कारण रंग घडविणाऱ्या पेशी केवळ कातडीत नसतात. अंतःकर्णातही त्यांची गरज असते. २००६ साली हे बीज नेमके कोणते, याचाही शोध लागला. आता अज्ञानाची सबब उरलेली नाही. केवळ शोभेसाठी जन्मतःच अपंग जीव निर्माण करणे, हे आमच्या मते पाप आहे.

कोणी म्हणेल, धनगरही काळी मेंढरे पाळतोच ना? होय, पण त्या काळ्या लोकरीचे घोंगडे न रंगविताच काळे होते. तेथे रंग हाच उपयोग आहे. कुत्र्याचा उपयोग त्याच्या कानांत, नाकात, धैर्यात व इमानात आहे. जवळच्या मुधोळच्या शिकारी कुत्र्यावर टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. आपल्या माळावरच्या राखणदारालाही थोडा मान मिळावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढे तुमच्या घरी पिल्लू आणण्याची गोष्ट निघाली, तर आधी त्याच्या मागे टाळी वाजवून पाहा, डोळे तपासा, आईबापांची प्रकृती व स्वभाव विचारा. रंगाची चौकशी सर्वांत शेवटी करा. रंगावरून योग्यता ठरविण्याची खोड एकदा जडली, की ती कुत्र्यापाशीच थांबत नाही.