त्या देशात गटार कोण साफ करतं?

रविवारी मी वस्तीतल्या अभ्यासिकेत सातवी-आठवीच्या मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात त्यांना रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा मराठीतून सांगितली. 1905 साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती छापून आली होती. त्या देशाचा कारभार बायका चालवतात, पुरुष पडद्यात राहतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, गाड्या हवेतून जातात. मुली खूश झाल्या. मग सातवीतल्या एकीने विचारलं, "ताई, त्या देशात गटार कोण साफ करतं?"

तिचे वडील कंत्राटी सफाई कामगार आहेत. 2013 च्या कायद्याने बंदी असूनही गटारात माणूस उतरवला जातो, हे तिला घरातच कळलं आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी शाळेत असताना कपाटातलं विज्ञानकथांचं पुस्तक मागितलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आधी पाढे पाठ कर." ते कपाट कुणासाठी उघडतं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. आज आपल्यातलेच शिकलेले लोक मुलांना सांगतात, गोष्टींनी पोट भरत नाही, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घे. ही काळजी मला कळते. घरात पहिलीच पदवी आलेली असते तेव्हा चुकायची मुभा नसते.

पण जातव्यवस्था 'हे असंच असतं' या समजुतीवर टिकते. जगाचे नियम कुणीतरी ठरवलेले असतात आणि ते बदलता येतात, हे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा मुलांना सहज शिकवतात. संत रविदासांनी कल्पिलेल्या बेगमपुऱ्यात दुःख नाही, कर नाही, कुठे फिरायला आडकाठी नाही. ते शहर कुणी पाहिलेलं नाही, तरी आजही आपण समतेबद्दल बोलताना त्याचं नाव घेतो.

मात्र कथा तपासून शिकवाव्या लागतात. कितीतरी अद्भुतकथांत नायक रक्तानेच थोर असतो. भविष्याच्या कथांत यान चमकतं, ते पुसणारा दिसत नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांची आई लोकांच्या घरी काम करायची. बटलर यांच्या 1979 च्या 'किंड्रेड' कादंबरीत एक कृष्णवर्णीय स्त्री काळात मागे खेचली जाते आणि गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये पोहोचते. भूतकाळाची सफर सगळ्यांसाठी सारखी नसते, हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या रविवारी त्या मुलीने गोष्ट पुढे लिहून आणली. तिच्या देशात गटारात यंत्र उतरतं. ते चालवायची पाळी दर आठवड्याला बदलते, राणीचीही पाळी येते.

आपल्यापैकी जे शिकवण्या घेतात, अभ्यासिका चालवतात, त्यांनी आठवड्यातला एक तास अशा गोष्टींना द्यावा. गोष्ट संपली की मुलांना विचारावं, इथलं काम कोण करतं?

जय भीम.