घाट चढणारा पंखा

एप्रिल-मेमध्ये साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागले की कुठल्या तरी वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसतेच. मागे आंब्याच्या पेट्या, पुढे वाफाळणारा रेडिएटर आणि शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला चालक. बहुतेकांचा पहिला संशय पाण्यावर जातो, दुसरा पंख्यावर. अलीकडे त्यावर एक झटपट उपाय सांगितला जातो: इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा जुना पंखा काढा आणि विजेचा बसवा. जीप, जुनी पिकअप, शेतात आणि चिरेखाणीच्या कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्या यांच्या बाबतीत हा सल्ला सरसकट मानण्याजोगा नाही.

यांत्रिक पंखा इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो. इंजिन जोरात फिरले की तो जोरात, मंद फिरले की मंद. मुंबई-गोवा महामार्गावर गाडी साठच्या वेगाने धावत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. त्या वेळी बेल्टवरचा पंखा फुकटची ताकद खातो. ती ताकद थोडीथोडकी नसते. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. म्हणूनच पुढे चिकट सिलिकॉन तेलावर चालणारा फॅन क्लच आला. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की त्यातली द्विधातूची पट्टी वाकते, तेल आत शिरते आणि पंखा घट्ट पकडला जातो. हवा थंड असली की तो नुसता रेंगाळतो. घाटात मध्येच बॉनेटखालून घरघर वाढते, ती याचीच.

विजेचा पंखा इंजिनाच्या वेगाकडे पाहत नाही, पाण्याच्या तापमानाकडे पाहतो. रत्नागिरीच्या बाजारपेठेत गाडी अडकून इंजिन नुसते गुरगुरत असले तरी तो पूर्ण वेगाने फिरतो. इंजिन आडवे बसवलेल्या लहान मोटारींत तर त्याला पर्यायच नाही, कारण तिथे बेल्टची पुली रेडिएटरकडे तोंड करून नसते. अशा गाड्यांत कंपनीने विचार करूनच तो दिलेला असतो. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो घाटात लादलेल्या गाडीचा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पंधरा-वीसच्या वेगाने चढताना समोरून वारा जवळजवळ येतच नाही, इंजिन मात्र तीन हजार फेऱ्यांवर घुमत असते. म्हणजे जेव्हा सर्वांत जास्त हवा हवी, नेमके तेव्हाच यांत्रिक पंखा सर्वांत जास्त हवा ओढतो. बाजारातला साधा विजेचा पंखा बारा व्होल्टवर वीस ते तीस अँपिअर घेतो, म्हणजे तीनशे वॅटच्या आसपास. मोठ्या डिझेल इंजिनाला चढावर लागणारा वारा त्यातून निघेलच असे नाही. त्यात जुन्या गाडीचा अल्टरनेटर लहान. रात्री दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू झाले की बॅटरी उतरू लागते. तारा बारीक आणि रिले नसेल तर प्लास्टिक वितळून आग लागण्याची भीती वेगळीच. बचतीच्या नावाने केलेला बदल असा महाग पडतो.

पावसाळ्यात मात्र पारडे फिरते. कॉजवेवरच्या पाण्यात यांत्रिक पंख्याची पाती बुडाली की ती जहाजाच्या पंख्यासारखी पुढे ओढली जातात, वाकतात आणि रेडिएटरची जाळी कापतात. पाणी उडून वायरिंगवर बसते ते निराळे. विजेचा पंखा अशा वेळी बंद ठेवता येतो, मात्र त्यासाठी चालकाच्या हाताशी बटन हवे. चालू पंखा पाण्यात अडकला तर फ्यूज तरी उडतो, नाही तर मोटर जळते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. अशा दिवसांत मदतीला धावणाऱ्या गाड्यांना हे बटन चैन म्हणता येणार नाही. मशिनरी कितीही दणकट असो, वाहत्या पाण्यात दोन फूट खोली बहुतेक मोटारी वाहून न्यायला पुरते. तिथे पंख्याची चर्चाच उरत नाही.

पंखा बदलण्याआधी जे तपासायचे ते सहसा कोणी तपासत नाही. रेडिएटरच्या जाळीत जांभ्याची तांबडी धूळ आणि चिखल घट्ट बसलेला असतो. तो इंजिनाच्या बाजूने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावा. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे तुटले असेल तर हवा रेडिएटरमधून न येता बाजूनेच फिरते. फॅन क्लच तपासायला यंत्र लागत नाही: इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवावा. तो हाताला अडायला हवा. भिंगरीसारखा फिरत राहिला तर तेल गेलेले आहे. एवढे झाले की निम्म्याहून अधिक गरम होणाऱ्या गाड्यांचा पंखा निर्दोष निघेल, असे म्हणायला हरकत नाही.

हात लावताना मात्र एक भेद लक्षात ठेवावा. यांत्रिक पंखा इंजिन बंद झाले की थांबतो. विजेचा पंखा चावी काढल्यानंतरही काही मिनिटांनी आपोआप सुरू होऊ शकतो, आणि बोटे जातात ती अशीच. बॅटरीची तार काढल्याशिवाय तिथे हात घालू नये. गरम रेडिएटरचे झाकण तर कोणत्याच गाडीत उघडू नये. आत दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर असते आणि झाकण सैल होताच ते तोंडावर उसळते. भाजलेच तर अंगावरची अंगठी, घड्याळ लगेच काढून भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये. चेहरा, डोळे भाजले असतील तर घाट उतरून थेट रुग्णालय गाठावे. सांडलेले हिरवे कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. मुलांना, कुत्र्यांना त्यापासून दूर ठेवावे.

घाटात तापलेली गाडी बाजूला घेतल्यावर एसी आणि इंजिन लगेच बंद करण्याची घाई बहुतेक चालक करतात. एसी बंद करावा. इंजिन मात्र, पाणी गळत नसेल आणि काटा लाल रेषेच्या आत असेल, तर दोन मिनिटे थोडी रेस देऊन चालू ठेवावे. यांत्रिक पंखा असलेल्या गाडीत तेवढ्यात वाराही वाढतो आणि पाणीही फिरत राहते. काटा लाल रेषेवर गेला असेल तर इंजिन बंद करून किमान अर्धा तास झाकणाला हात न लावता सावलीत बसावे. आंब्याच्या पेट्यांना तेवढा वेळ चालतो.